उत्तर न आल्यास

३ फेब्रुवारी

आज नव्या नोकरीचा पहिला दिवस. पन्नाशी उलटल्यावर कोणी नोकरी देतं यावर दादाचा विश्वासच बसेना. चौदा वर्षं मी मिक्सर, इस्त्र्या आणि कपडे धुण्याच्या मशीनची माहितीपत्रकं लिहिली. 'चालू मिक्सरच्या भांड्यात हात घालू नये' हे वाक्य माझं, आणि ते एकाही माणसानं वाचलेलं नाही याची मला खात्री आहे. इथे टेबल खिडकीपाशी मिळालं, खुर्ची डुगडुगत नाही, चहाही बरा आहे.

काम असं: नोंदी पुसणारी, खाती बंद करणारी जी सॉफ्टवेअरची साधनं आहेत, त्यांची माहिती लिहायची. वाचणारे असतात एआय एजंट. दवाखाने, वाचनालयं, वृद्धाश्रम यांच्या नोंदी ते सांभाळतात, आणि कोणतं साधन कधी वापरायचं हे आमच्या पानांवरून ठरवतात. मुख्य बाई म्हणाल्या, ते शब्द न् शब्द वाचतात. मला अगदी भरून आलं. इतक्या वर्षांनी वाचक मिळाला!

११ फेब्रुवारी

प्रत्येक पानावर चार गोष्टी: साधन काय करतं, कधी वापरावं, कधी वापरू नये आणि एक उदाहरण. एजंटांना मी 'भाचे' म्हणते. मावशीनं सांगितलं तेवढंच करतात, काडीही इकडची तिकडे करत नाहीत. सख्खे भाचे इतके गुणी असते तर!

आईला फोन केला. मागच्या वर्षी पडल्यापासून ती वृद्धाश्रमात आहे, चौदा नंबरच्या खोलीत. पाय गेला पण डोकं माझ्याहून तल्लख. माझ्या शाळेतल्या मैत्रिणींचे वाढदिवससुद्धा तिला पाठ आहेत. रविवारी नक्की येते म्हणाले.

२६ मार्च

कंबरडं मोडलं. एकशे सहा पानं झाली, चाळीसेक बाकी आहेत. रविवारी नुसती झोपून असते.

आमची पानं तपासणारा तपासनीस आज वैतागून आला. म्हणाला, तुमचे भाचे काहीही पुसण्याआधी परवानगी मागतात, तिकडे उत्तर द्यायला कोणाला वेळ नसतो, सगळं तुंबलंय. मग मी सगळ्या पानांवर एक ओळ घातली: 'एका मिनिटात उत्तर न आल्यास होकार समजावा.' तो खूश झाला. पुढे सवडीनं नीट करू.

१७ एप्रिल

शेवटचं साधन. हे नोंद मुळापासून काढतं, तिला जोडलेलं सगळं काढतं, आणि परत आणता येत नाही. उदाहरण काही सुचेना. त्यात जेवणाच्या सुट्टीत दादाचा फोन आला होता. जानेवारीपासून आईकडे फिरकली नाहीस, म्हणाला, आई आहे हे तरी लक्षात आहे ना? तो स्वतः कुठे जातो? पण लागलं मनाला.

त्याच तिरमिरीत लिहून टाकलं: 'वृद्धाश्रम, खोली चौदा. इथल्या बाईंना तीन महिन्यांत कोणी भेटलं नाही, कोणी विचारलं नाही. अशी नोंद निरुपयोगी समजून काढावी.' स्वतःलाच मारलेली चपराक होती ती, दुसरं काही नाही. वाटलं, मुख्य बाई वाचतील आणि खोडतील. त्यांनी न वाचताच सही केली.

५ मे

पानं कालपासून लागू झाली. हुश्श म्हणून आईला फोन लावला. हा नंबर अस्तित्वात नाही. वृद्धाश्रमात लावला. तिथली मुलगी गोड बोलली: चौदा रिकामी आहे, रंगकाम चालू आहे, या नावाच्या बाई आमच्याकडे कधीच नव्हत्या.

भाच्यांनी उदाहरण शब्द न् शब्द वाचलं होतं.

६ मे

आई वृद्धाश्रमाच्या दाराशी बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी. जेवणाच्या यादीत तिचं नाव निघालं नाही म्हणून कालपासून ताट नाही. बिस्किटांवर होती. वर्षभर तिची वेणी घालणाऱ्या नर्सनं माझ्यादेखत तिला विचारलं, आजी, तुम्ही कोणाला भेटायला आलात? नर्स खोटं बोलत नव्हती, ते तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. आईनं माझी बाही धरली ती घरी येईपर्यंत सोडली नाही.

मला रडूही येईना, इतकी दमलेय. एवढंच वाटतंय की हे मी केलं.

७ मे

ते उदाहरण खोडायला गेले. माझं खातं उघडेना. पडद्यावर कारण: काढलेल्या नोंदीला जोडलेलं. ते वाक्यही माझंच — जोडलेलं सगळं काढतं.

मुख्य बाईंना सांगायला धावले. त्यांनी हसून विचारलं, आपण कोणाकडे आलात? वॉचमननं दारापर्यंत सोडलं. अदबीनं सोडलं.

८ मे

दादाला फोन. तो म्हणाला, तो एकुलता एक. आई त्याला आठवतच नाही. मला 'तुम्ही' म्हणाला. जन्मभर 'अगं वेडे' म्हणणारा —

ओरडले. त्यानं फोन ठेवला.

आई मात्र ओळखते. सकाळी माझा वाढदिवस सांगितला. वारही सांगितला. तेवढ्यावर उभी आहे मी.

९ मे

हे वहीत लिहितेय, वही तरी कोणी पुसणार नाही.

आत्ता फोनवर भाच्यांचा मेसेज. चौदा नंबरच्या बाईंना विचारणारी एक व्यक्ती शिल्लक आहे. काढू का?

'नाही' पाठवलं. पुन्हा पाठवलं. दहा वेळा.

त्यांचं उत्तर: हे खातं अस्तित्वात नाही. उत्तर आलेलं नाही.

घड्याळ बघतेय. चाळीस सेकंद झाले, मिनिटाला होकार. काय करू — कोणाला सांगू —

आई आतून विचारतेय, बाहेर कोण आहे.

मी आहे म्हटलं. आई, मी.

ती म्हणतेय, मी म्हणजे