पांढऱ्या साडीचा खरा पांढरा

१५ मे २०११, कोहमारा
आज इतिहास घडला. केवळराम बोरकरांच्या अल्काचं लग्न मी अख्खं रॉमध्ये शूट केलं. सडक अर्जुनी तालुक्यात हे पहिल्यांदाच होत असणार. नोंद कोणी ठेवत नाही, म्हणून इथे ठेवतो.

जेवताना रंजिताला समजावलं. जेपीजी म्हणजे कॅमेऱ्यानेच शिजवून दिलेला भात. रॉ म्हणजे धान. भात मोकळा करायचा की गिचका, ते आपल्या हातात. ती म्हणाली, "मंग लोकाईले भात केव्हा भेटन जी?" बायकोला टेक्निकल गोष्टी सांगू नयेत.

बौद्ध लग्न. नवरा-नवरी दोघंही पांढऱ्यात. वरून मे महिन्याचं ऊन, त्यात मांडवाचं कापड पिवळं. साधा फोटोग्राफर इथेच आडवा झाला असता. रॉ फायली मोठ्या असतात असं वाचलं होतं, पण कार्डात अर्धी जागा उरली. नवीन कॅमेऱ्याची कमाल.

१७ मे
संकल्प: पंधरवड्यात अल्बम घरपोच.

फक्त एक छोटं काम आधी. रॉ उघडायला सॉफ्टवेअर कोणतं? माझ्याकडे तीन आहेत. एक कॅमेऱ्यासोबत सीडीत आलेलं. दुसरं परदेशी, महागडं, त्याची महिन्याभराची ट्रायल. तिसरं नेटवरचं फुकटचं. शास्त्रीय तुलना करून एक निवडायचं आणि सुटायचं. एक दिवसाचं काम. फार तर दोन.

२२ मे
तुलनेसाठी एकच फोटो घेतला आहे. अल्काच्या पदराची खांद्यावरची घडी. चेहरा कापून टाकला, लक्ष विचलित होतं.

स्पीड टेस्ट घेतली. सीडीवालं: चौकातल्या ढाब्यावर जाऊन एक चहा. फुकटवालं: चहा आणि पोहे. ट्रायलवालं: चहा, पोहे, रायपूरच्या एका ड्रायव्हरशी गप्पा, त्याचं टायर बदलून झालं, तरी परत आलो तर गोल फिरतच होतं. मग लाइट गेली. टेस्ट रद्द. पहिल्यापासून.

३० मे
रंगाचा निकाल. तिन्हींत पदर जवळजवळ सारखाच दिसतो. साध्या माणसाला एकदम सारखा दिसेल. पण दोन तास टक लावून पाहिल्यावर मला फरक जाणवला. ट्रायलवाल्याचा पांढरा दुधाचा, सीडीवाल्याचा चुन्याचा, फुकटवाल्याचा मुरमुऱ्याचा. रंजिताला बोलावलं. ती म्हणाली तिन्ही पिवळेच आहेत. मांडवाचा पिवळा उतरवायचा प्रयत्न केला तर पदर निळा झाला. पुन्हा पिवळा केला. डोळा तयार व्हायला वर्षं लागतात.

पंधरवडा होत आला. अल्बम सुरू केलेला नाही, पण पाया पक्का झाला आहे.

८ जून
केवळरामजी दुकानात आले. स्टुलावर बसले, गमछ्याने तोंड पुसलं. "काऊन रे खुशाल, फोटो केव्हा देशील? पोरगी चार-चार खेपा इचारून राहिली." मी त्यांना स्क्रीनवर तीन पदर शेजारी-शेजारी दाखवले. बराच वेळ पाहिलं त्यांनी. मग विचारलं, "हे कोण होय?"

मी म्हटलं तुमची अल्का. त्यांनी पुन्हा पाहिलं. गमछा खांद्यावर टाकला आणि उठले. भारावले असावेत.

१५ जून
ट्रायल संपत आली. सॉफ्टवेअरची, माझी नाही. घाईत निर्णय घेणं म्हणजे कलेशी बेइमानी. कॉम्प्युटर फॉरमॅट करून ट्रायल परत टाकता येते असं वाचलं. उद्या करतो.

१७ जून
फॉरमॅट केला. फोटो आधी सीडीवर घेतले होते, मी काही वेडा नाही. सॉफ्टवेअरची सीडी मात्र सापडत नाही. आता तुलनेत दोनच स्पर्धक. एका अर्थाने काम सोपं झालं.

२६ जून
माझी ही मेहनत कोहमाऱ्यापुरती राहू नये. फोटोग्राफीच्या एका मोठ्या फोरमवर माझा तौलनिक अभ्यास इंग्रजीत टाकला. स्पीड, रंग, घडीतली डिटेल, सगळं. चहा-पोह्यांचं मिनिटांत रूपांतर केलं. जगभरातले लोक वाचतील. डोंगलची रेंज यायला गच्चीवर जावं लागलं, पण गेलं एकदाचं.

रंजिताने विचारलं, अल्बमचं काय? म्हटलं, जग आधी, मग केवळराम. ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली.

५ जुलै
केवळरामजींचा मुलगा विवेक सुट्टीवर येतो आहे. फौजेत आहे, वरती बर्फात कुठेतरी. बहिणीच्या लग्नाला सुट्टी मिळाली नव्हती. त्याला फोटो पाहायचे आहेत. केवळरामजींनी फोनवर पहिल्यांदाच मला "खुशालजी" म्हटलं. हे मला आवडलं नाही.

संकल्प: विवेकच्या हातात अल्बम. ज्या सॉफ्टवेअरने होईल त्याने. तुलना बंद.

७ जुलै
फुकटवाल्याने सुरुवात केली. पहिल्याच फोटोत पदर मुरमुऱ्याचा वाटला. थांबलो. फौजी माणसासमोर दुय्यम काम ठेवायचं? ट्रायलवाल्याने परत पहिल्यापासून.

१२ जुलै
विवेक आज दुकानात आला. परत जायला निघालेलाच होता, पाठीवर सॅक. म्हणाला, "अल्बम नसन तं नसू द्या भाऊ. कॉम्प्युटरवरच दाखवा, दोन मिनिटं." इतका साधा पोरगा. मी बटण दाबायला गेलो आणि लाइट गेली. इन्व्हर्टर सकाळी लाइट नसताना स्पीड टेस्टमध्येच संपलेला.

वाट पाहिली आम्ही. समोरून ट्रक जात होते. मग त्याने विचारलं, "तुम्ही तं होते ना लग्नात. कसं झालं? अल्का खुश होती का?"

मी सांगायला तोंड उघडलं. ऊन किती कडक होतं ते सांगितलं. पिवळ्या मांडवाचं सांगितलं. हायलाइट, म्हणजे उन्हाने उजळलेले भाग, कसे वाचवले ते सांगितलं. तो "हो हो" म्हणत राहिला. गोंदियाची बस आली तसा उठला. लाइट नाही ते नाहीच.

हा सर्व दोष वीज खात्याचा आहे.

१४ जुलै
फोरमवर उत्तर आलं! फक्त एकच, पण आलं. कोणीतरी विचारलंय, तुमची मूळ रॉ फाइल पाठवाल का? माझ्या निष्कर्षांनी खळबळ उडाली असणार. लगेच पाठवली.

१५ जुलै
उत्तर आलं. एका ओळीचं. "मित्रा, ही जेपीजी आहे."

कॅमेरा काढला. मेनू उघडला. मेनूत रॉ दिसत होतं. पण खूण खालच्या, जेपीजीच्या ओळीवर होती.

म्हणजे तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये मी शिजलेला भातच कांडत होतो. पण तिन्हींचा निकाल सारखा आला, असं मी तीस मेलाच लिहून ठेवलं आहे. ते बरोबरच निघालं.

१६ जुलै
अल्का आली. माहेरी आलीय दोन दिवस. पेन ड्राइव्ह पुढे केला आणि म्हणाली, "जसे आहेत तसे द्या काकाजी." मी म्हटलं, कच्चे आहेत. ती म्हणाली, "चालते." दिले. सडक अर्जुनीला शालीकरामच्या स्टुडिओत नेणार म्हणे. शालीकराम! जो सगळ्या फोटोंना एकच ऑटोचं बटण दाबतो!

२४ जुलै
केवळरामजींकडे गेलो. शालीकरामचा अल्बम आलाय असं कळलं. तांत्रिक चुका पाहून ठेवाव्यात, पुढच्या लेखात उपयोगी पडतील, एवढाच हेतू. एक प्रत विवेकला पोस्टाने गेली म्हणे.

पांढरा पिवळाच होता. मुरमुऱ्याचासुद्धा नाही. समाधान वाटलं. पानं उलटत गेलो.

मध्ये एका पानावर थांबलो. जेवणाच्या पंगतीत अल्का बापाला बुंदीचा लाडू भरवतेय. लाडू फुटून केवळरामजींच्या नव्या सदऱ्यावर सांडलाय, ते तोंड भरलेलं असूनही हसताहेत, आणि ती डोळे मिटून हसतेय. मागे एक म्हातारी तोंडावर पदर धरून हसतेय. अगदी नेमका क्षण पकडलेला. कोणा पाहुण्याने काढला असावा. मन मोठं करून विचारलं, "हा कोणी काढला? पोरगा हुशार दिसते."

केवळरामजी चहा ओतत होते. माझ्याकडे वर पाहिलं.

"तूच तं काढला ना रे."