अकाउंट बंद, फॅक्टरी चालू

१२ जुलै १९९३, गुडीहत्नूर
आजपासून मी लहान माणूस राहिलो नाही. इंदूरच्या व्यापाऱ्याचा ड्राफ्ट आला. चाळीस हजार! सोबत ऑर्डर: गुडघेदुखीवर मोहाच्या बियांचं तेल, दोन हजार बाटल्या. नागपूरच्या पेपरात मी जाहिरात दिली होती. 'स्वतःची फॅक्टरी, प्रचंड उत्पादन.' जाहिरात लिहायला डोकं लागतं.
आजवर व्ही.पी.पी.ने बाटली-दोन बाटल्या जायच्या. पोस्टमन चिल्लर मोजून द्यायचा. बस झालं ते.
सौ. अंगणात कढई ढवळत होती. ड्राफ्ट दाखवला. म्हणाली, "एवढं तेल कोण काढन बापा? एका कढईचं काम हाये हे."
बाईमाणसाची झेप कढईएवढीच. शिसारी आली. वासाचीही आली.

१३ जुलै
आदिलाबादच्या बँकेत ड्राफ्ट भरला. क्लार्कने आधी ड्राफ्ट पाहिला, मग माझ्या चपला. भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या. अशा ठिकाणी माझे चाळीस हजार ठेवायचे?
संकल्प: सफारी शिवणे. कापड उधार घेतलं.

२० जुलै
बाटलीवाला अॅडव्हान्स मागतो, म्हणून पैसे काढायला गेलो. मिळाले नाहीत. खातं अडवलं! माझे जुने पैसेही अडकले.
मॅनेजर नवा, गुंटूरकडचा. म्हणे, "आप के खाते में सौ-दो सौ आता जी. एकदम चालीस हजार कैसा आया?" मुंबईच्या घोटाळ्यापासून वरून आर्डर आहे म्हणे. मी म्हटलं, घोटाळा मुंबईत झाला, गुडघे इथे दुखतात. त्याला समजलं नाही. फॅक्टरी किधर है, विचारलं. मी खिडकीबाहेर हात दाखवला. तो म्हणाला, आमचा माणूस येऊन बघेल.
मत्सर. शुद्ध मत्सर.

२२ जुलै
पोस्टाच्या तिकिटांना पैसे नाहीत, पार्सलं घरातच पडून. उटनूरकडच्या बाया मोहाच्या बिया घेऊन ओसरीवर बसल्या. मी त्यांना बँकिंग सिस्टिम समजावून सांगितली. उठल्या नाहीत.
शेवटी सौ.ने कानातलं गहाण टाकून त्यांना पैसे दिले. मला न विचारता. मॅनेजिंग डायरेक्टरवर घरातच विश्वास नाही, तर गुंटूरवाल्याला काय म्हणायचं?

२७ जुलै
शुक्रवारी इन्स्पेक्शन. मी तयार आहे.
शेजारच्या डोमाजीचा कापसाचा कोठा सध्या रिकामा आहे. तीच फॅक्टरी. भंगारवाल्याकडून बाटल्या आणल्या. तेल एवढं कुठून आणायचं? पुढच्या रांगेत खरं. मागच्या रांगांत हायवेवरच्या हॉटेलातला उरलेला कोरा चहा, गाळून. रंग अगदी तोच.
सौ. म्हणाली, "काऊन असं करून राह्यले तुमी? हाये तेवढं दाखवा न." मी म्हटलं, याला प्रेझेंटेशन म्हणतात. डोमाजीने कोठा दिला, पण त्यावर फॅक्टरीची पाटी लावू दिली नाही. भित्रा.

३० जुलै
इन्स्पेक्शन प्रचंड यशस्वी.
फील्ड ऑफिसर लंगडत आला. त्याचा गुडघाच दुखतो! नशीब म्हणतात ते हे. मी एक्स्पोर्टवर बोललो. तो भारावून गुडघा चोळत होता. जाताना म्हणाला, एक बाटली घेऊन बघतो. मी पुढच्या रांगेतली काढेपर्यंत त्याने मागून एक उचलली. मी म्हटलं, ही घ्या, ताजी आहे. तो म्हणाला, "पुरानी में जास्ती पवर रहता."
सौ. कपाळाला हात लावून बसली. धूर लागला असावा.

२ ऑगस्ट
लिहावंसं वाटत नाही.
ऑफिसरने बाटलीतलं गुडघ्यावर चोळलं आणि तो झोपला. चहात साखर होती. मुंग्या आल्या. काळ्या नाही, लाल.
यात माझी चूक एवढीच की मी हॉटेलवाल्यावर विश्वास ठेवला. बिनसाखरेचा हवा, असं सांगितलं नव्हतं, पण धंदेवाल्याला कळायला नको?
मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडला, "ये तेल है कि चाय?" क्लार्क हसला. शिपाई हसला. पैसे भरायला आलेला एक अनोळखी माणूस तर खाली बसून हसला. ड्राफ्टचे पैसे इंदूरला परत जाणार. चौकशी संपेपर्यंत माझं खातं बंदच.
या देशात उद्योग होणे नाही. किळस आली माणसांची.

३ ऑगस्ट
हैदराबादला हेड ऑफिसकडे तक्रार करणार. कडक भाषेत. इंग्रजीत. पहिलं वाक्य जुळत नाही.
सौ. खऱ्या तेलाची बाटली घेऊन ऑफिसरकडे माफी मागायला निघाली. मी मनाई केली. म्हणाली, "तुमची लाज वाटते मले, अन् त्या माणसाच्या पायाची कीव येते. जाऊ द्या." गेली.
स्वाभिमान शिकवता येत नाही.

१९ ऑगस्ट
ऑफिसर आता सरळ चालतो. मॅनेजरने आईसाठी तेल मागवलं. फुकट नाही, पैसे देऊन.
आणखी ऐका. सौ.ने डोमाजीकडून इंदूरला कार्ड लिहवून घेतलं: फॅक्टरी नाही, एक कढई आहे, महिन्याला निघेल तेवढं देऊ. अशाने धंदा होतो? इंदूरवाला 'चालेल' म्हणाला. त्याचाही दर्जा कळला. पैसे आल्यावर सौ. आधी कानातलं सोडवणार म्हणे.
मी यापुढे फक्त सल्लागार राहीन.

२६ ऑगस्ट
सौ.च्या नावाने नवीन खातं उघडायला बँकेत गेलो. मी सफारी घातली. डोमाजी धोतरावर, बाटल्यांचं पोतं आणायचं म्हणून सोबत.
खातं उघडायला ओळख देणारा माणूस लागतो. ही बाई कोण, हे मी ओळखतो, अशी त्याने सही करायची. मी पुढे झालो. मॅनेजर म्हणाला, "आप का नहीं चलेगा. आप का खाता बंद है." मी म्हटलं, अहो, माझी बायको आहे ती. तो म्हणाला, "होगा जी."
डोमाजीचं पिकाच्या कर्जाचं खातं आहे तिथे. माझी बायको कोण, ते डोमाजीने लिहून दिलं.
मग मॅनेजरने सौ.ला विचारलं, "रेणुकाबाई, ये आप के साथ कौन?" तिने माझ्या सफारीकडे पाहिलं. म्हणाली, "घरचेच हायेत."
परतीच्या बसमध्ये दोघं तेलाचं बोलत होते. पोतं माझ्या मांडीवर होतं.