लिम आंटींचा हात

बुकित पंजांग, सिंगापूर
मार्च २०१४

प्रिय उन्मेष,

काल फोनवर तू विचारलंस, "ड्रॉप्स वेळेवर घालतेस ना?" मी हो म्हटलं. हे पत्र पाठवणार नाही, म्हणून खरं सांगते. मला ती बाटली दाबताच येत नाही. ज्या आजाराने डोळे कोरडे केले, त्यानेच बोटंही सुजवलीत. तू होतास तोवर तूच घालायचास, म्हणून हे जाणवलंच नाही.

तू पुण्याला गेल्यापासून समोरच्या फ्लॅटमधल्या लिम आंटी रोज सकाळी येऊन ड्रॉप्स घालतात. आज त्यांनी सहज विचारलं, "हजबंड कधी येणार?"

"येणार नाही. तिकडे त्याची दुसरी कुणीतरी आहे."

हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले आणि मला रडू फुटलं. हुंदक्यांनी अंग गदगदत होतं, पण डोळ्यांत नुसती वाळू खुपत होती. पाणी काही येईना.

आंटींनी माझी हनुवटी धरली. "लुक अप, लाह," त्यांच्या सिंगापुरी लकबीत म्हणाल्या आणि थेंबामागून थेंब घालत राहिल्या. ओघळ गालांवर आले, तरी त्यांनी ते पुसले नाहीत. मला रडू दिलं.

'तुझी' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतीच,
गार्गी