रुतणारा पट्टा

कारंजा, रविवार संध्याकाळ

कॅमेऱ्यासाठी खांद्यावरून तिरका घालायचा पट्टा घ्यायला आज भाईजानसोबत गेले. स्टुडिओ त्याचा, पण लग्नांत बायकांकडचे फोटो मी काढते, म्हणजे खांदा माझाच. रिठदहून येताना गाडी घसरली तेव्हा तो निखळला होता. कॅमेरा पोटाशी धरून पडले होते मी, आणि भाईजानने आधी लेन्स पुसून पाहिली.

दुकानात रुंद, मऊ पट्टा घातला. खांद्याला किती बरं वाटलं. भाईजानने तो उतरवायला लावला आणि आत तार असलेला अरुंद पट्टा उचलला.

"हा रुतते, भाईजान."

"रुतू दे. खांद्याले मलम लावता येते. कॅमेरा पडला तं त्याले काय लावू?"

दुकानदार हसला. मीही हसले. मी काहून हसले?

घरी येऊन पट्ट्याचा स्क्रू कॅमेऱ्याच्या तळाला त्यानेच बसवला, फोनवर बोलत बोलत. अर्धाच फिरवला. मी समोरच बसले होते. उद्या आसेगावला वरातीचे फोटो तो काढणार, म्हणजे कॅमेरा त्याच्या खांद्यावर. मी काही बोलले नाही. सकाळीही बोलणार नाही.

आज जेवण मात्र गोड लागलं.