नऊ नंबरचा पट्टा

१९ मे

पोहोचलो एकदाचा, आणि जागा बघून जीव हरखला. ओढ्याकाठी लाकडी खोली, छप्पर धड, चूल पहिल्या काडीला पेटते, आणि दारातून अख्खं कुरण दिसतं. वायोमिंगपासून न्यू मेक्सिकोपर्यंत तीस वर्षं मी दुसऱ्यांची गुरं राखत भटकलो. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी एका जागी बूड टेकवावं, एवढीच इच्छा आहे.

मालक थेन लुंडक्विस्ट सत्तरीचा, तोंडाने फटकळ, मनाने बरा दिसतो. त्याची बायको आर्डिथ हिने मी घोडीवरून उतरायच्या आत बीन्सचं पातेलं आणि मक्याचा पाव आणून ठेवला. थेन म्हणाला, “काम जमलं तर हिवाळ्यातही राहा, ऑरिन. मरेपर्यंत राहा. आम्हाला काय ही खोली डोक्यावर घेऊन जायचीय?” मी हसून वेळ मारून नेली, पण ते बोलणं दिवसभर मनात घोळत राहिलं.

काम सोपं आहे. सरकारने या डोंगरात लांडगे परत आणून सोडलेत. दिवसभर गुरांमागे फिरायचं आणि त्यांना लांब ठेवायचं. लांडग्याला मारायचं मात्र नाही.

२८ मे

वन्यजीव खात्याची मारिबेल आर्चुलेटा येऊन गेली. याच जिल्ह्यातली पोर आहे, चिखलात न कुरकुरता उतरते. मला एक रेडिओ दिला. या बाजूला फिरणाऱ्या लांडगिणीच्या गळ्यात पट्टा आहे, तिचा नंबर नऊ. ती चालती-फिरती असली की रेडिओत सावकाश ठोके येतात, जितकी जवळ तितके मोठे. पट्टा बराच वेळ हलला नाही की ठोके दुप्पट वेगाने धावतात. म्हणजे जनावर मेलं. मग खात्याची माणसं शोधायला येतात.

काल शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. थेन उभा राहून म्हणाला, लांडगे आणा म्हणून शहरातल्यांनी मतं टाकली आणि घरी जाऊन टीव्ही लावला, इथे वासराची आतडी गोळा करायला मी! मारिबेलने शांतपणे सांगितलं की शंभर वर्षांपूर्वी याच खोऱ्यातल्या लोकांनी विष घालून लांडगे संपवले, ते मुळात इथलेच. थेन म्हणाला, “माझा आजा होता त्यांच्यात. आणि तो वेडा नव्हता, पोरी.” सगळा हॉल हसला. तीही हसली बिचारी.

गुरंवाले मला लांडग्यांची दाई म्हणतात. खात्यातल्यांना वाटतं, मी गुरंवाल्यांनी पोसलेला. मला दोघांचंही पटतं, आणि त्यानेच माणूस जास्त दमतो.

१४ जून

या आठवड्यात दुसरं वासरू गेलं. अर्धं खाल्लेलं होतं आणि तरी जिवंत होतं. थेनने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मग पिस्तूल काढलं. मला त्याची दया आली. माझ्या राखणीचा काही उपयोग नाही, असंही वाटलं.

२३ जून

लिहू की नको, असं झालंय.

चार दिवस नऊ नंबरचे ठोके गुरांच्या मधूनच येत होते, आणि गुरं तर निवांत चरत होती. आज ठोक्यांच्या मागे मागे गेलो. कळपाच्या पुढे चालणारी म्हातारी काळी गाय आहे, तिच्या गळ्यात पट्टा होता.

थेनने लपवालपवी केली नाही. लांडगिणीला त्याने एकोणीस तारखेला गोळी घातली आणि गुरांसाठी मीठ ठेवायच्या ओट्यामागे पुरली. पट्टा फेकून दिला तर तो थांबेल, थांबला तर खातं येईल, मग तुरुंग आणि चराईचा परवाना रद्द. तीन पिढ्यांचं कुरण जाईल. म्हणून पट्टा गायीला. “हलत राहिला की झालं. तू फक्त गप्प बस. खोली तुझीच समज, कायमची.”

मी मान डोलावली.

संध्याकाळी मारिबेलचा फोन आला. नऊ नंबर झऱ्यावर दिसली, म्हणून सांगितलं. छान धडधाकट आहे म्हटलं. तिला इतका आनंद झाला की मी घाईने फोन ठेवून दिला.

६ जुलै

काळी गाय चरत नाही. चालते. कुरणाच्या कडेने, झऱ्यावरून, वर खिंडीत, पुन्हा खाली. नऊ नंबर जिथून फिरायची, बरोबर तोच रस्ता. वासरू मागे हंबरत राहतं, ती वळून बघत नाही. बाकीच्या गायी तिला वाट देतात आणि ती गेली की जमीन हुंगतात.

तिचे खूर झिजून रक्त येतंय. थेनला म्हटलं, पट्टा काढू या. तो म्हणाला, “आणि घालू कुणाला? तुला?” मग एकटाच हसला.

११ जुलै

गाय झऱ्याजवळ मरून पडली. अंगावर एक जखम नाही, नुसती हाडं आणि कातडं. पट्टा थेनने काढून नेलाय. दोन-चार दिवस मीच फिरवतो म्हणाला, तोवर दुसरं जनावर बघू.

मिठाच्या ओट्यामागची माती उकरलेली आहे. कोल्ह्यांनी उकरली असेल. बाहेरून खणताना माती मागे उडते. इथे ती चहूबाजूंना पडलीये.

१७ जुलै

आर्डिथ भर दुपारी माझ्याकडे आली. म्हणाली, सहा दिवस झाले, तो जेवायला टेबलाशी बसला नाही. अंगणातून जातो, हाक मारली तर मान वळवत नाही. हातात भाकरीचा तुकडा दिला तर चालता चालता खातो.

खिंडीखाली गाठला त्याला. पट्टा गळ्यात घातलेला, बोल्ट आवळलेले. गळ्यात कशाला, म्हणून ओरडलो. तो न थांबता म्हणाला, “हातात धरला तर त्याला कळतं. गळ्यात असला तरच मानतो.” पाय सुजून बूट फाटले होते. मी पाना घेऊन त्याला बळेबळे खडकावर बसवलं. पहिला बोल्ट गंजल्यासारखा घट्ट. दुसरा फिरेना. तेवढ्यात माझ्या खोगिरावरच्या रेडिओत ठोके धावायला लागले.

इतक्या लवकर धावायला नको होते. त्याला तास-दोन तास लागतात.

लख्ख ऊन होतं. गवत वाकलं, आणि ती बाहेर आली. करडी, अंगाला माती चिकटलेली. गळ्याभोवती केस नव्हते, पट्ट्याएवढी नागडी कातडी. गुरगुरली नाही. नुसती जवळ येऊन बघत बसली, आपली वस्तू कुणाकडे आहे ते बघावं तशी. थेन मला ढकलून उठला आणि चालू लागला. ठोके सावकाश झाले. गवतात कुणी नव्हतं.

थेन म्हणाला, दर वेळी ती थोडी जास्त जवळ येते.

२४ जुलै

थेन गेला. त्याच झऱ्यावर. डॉक्टर म्हणाले, हृदय. या वयात एवढी पायपीट करतात का? गळ्यात पट्टा नव्हता. कुठे गेला, कळत नाही.

२७ जुलै

आज माती दिली. अख्खं खोरं आलं होतं. मारिबेलही आली, आणि कुणी तिला काही लावून बोललं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, वेळ बरी नाही, पण सांगते. नऊ नंबर इतकी फिरते की खात्यात सगळे चकित आहेत, थांबतच नाही! तिच्यावर नवा अभ्यास सुरू करणार आहेत. पट्ट्याची बॅटरी अजून चार वर्षं टिकेल.

आता सांगावं, असं वाटलं. तोंड उघडलं होतं. आर्डिथ माझ्याकडे बघत होती.

आर्डिथ सकाळपासून बसली नव्हती. चर्चमध्ये नाही, घरी जेवणाच्या वेळी नाही. बायका खुर्ची पुढे करत होत्या, ती टेबलाभोवती कप उचलत फिरत होती. दुःखाने वेडी झालीये, असं सगळे म्हणाले. गळ्याशी काळा रुमाल घट्ट बांधला होता.

माझ्या खिशातला रेडिओ सावकाश ठोके देत होता.

२८ जुलै

आर्डिथ आली. दारात उभी नाही राहिली, खोलीतच फेऱ्या घालत बोलली. डॉक्टर यायच्या आधी तिनेच पट्टा नवऱ्याच्या गळ्यातून काढला. मेलेल्याच्या गळ्यातून सहज निघतो म्हणाली. जिवंत माणसाच्या गळ्यातून निघायला तो घालून घेणारा दुसरा माणूस हवा, आणि त्याने स्वतःहून हो म्हणायला हवं.

“चार दिवस स्वयंपाकघरात फेऱ्या घालतेय, ऑरिन. माझे गुडघे गेलेत रे. हे घर गेलं तर मी कुठे जाऊ? आणि तुला तरी कुठे जायचंय?”

तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मीही मान डोलावली होतीच ना. आणि खोली हवी होती. देवा शपथ, मला फक्त ती खोली हवी होती.

हो म्हटलं. बोल्ट तिच्या बोटांनीच सुटले.

ती माझ्या पलंगावर बसली आणि ढसाढसा रडली.

२ ऑगस्ट

चालता चालता लिहितोय. अक्षर माफ. घोडी जवळ येऊ देत नाही. कुरणाची कड, झरा, खिंड. मला रस्ता आठवावा लागत नाही.

झाडाला टेकून, उभ्याने डुलकी. ठोके धावले. डोळे उघडले तर ती दहा हातांवर.

५ ऑगस्ट

खोलीवरून गेलो तीनदा. आर्डिथने दिवा, रजई, सगळं लावून ठेवलंय. आत जाऊन काय—

बूट गेले.

७ ऑगस्ट

मारिबेलचा फोन. नऊ नंबर कशी आहे? छान आहे, म्हटलं. जीभ आपोआप—

चार वर्षं.

९ ऑगस्ट

पाच हात.

तिच्या गळ्यावर केस यायला लागलेत. माझ्या—

१० ऑगस्ट

आता पुरे. मारिबेलला खरं कळायला हवं. कुरण जावो, खोली जावो. चालताना लिहिलेलं मलाच वाचता येत नाही, तिला काय येणार. म्हणून बसतोय. या दगडावर. एकच वाक्य नीट लिहायचं. ठोके धावू देत. दिवस आहे, ऊन आहे, एका वाक्याला असा किती वेळ—

मारिबेल, नऊ नंबर जूनमध्येच मेली, आम्ही तिला