थोरलीचं दार

३ फेब्रुवारी, मंगळवार

नोटीस लागली. थोरली बंद! शेवटची गाडी सत्तावीस तारखेला.

कारखान्यात छोट्या गाडीला आम्ही धाकटी म्हणतो आणि साहेब लोकांच्या या लांबलचक गाडीला थोरली. सव्वीस वर्षं मी तिची दारं तपासतोय. एकेकाळी दिवसाला चाळीस निघायच्या, आता चार. मोठ्या लोकांना म्हणे उंच गाड्या हव्यात.

वाईट वाटायला हवं होतं. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. एवढे साडेतीन आठवडे निभावले की झाकली मूठ झाकलेलीच राहील.

४ फेब्रुवारी

बायको म्हणाली, “भिंतीलाही कान असतात, तुम्हाला तेवढेही नाहीत.” हसलो. काय करणार?

उजवा कान चार वर्षांपूर्वीच गेला, डावा आता नावापुरता. घराबाहेर कुणाला पत्ता नाही. कारखान्यात दरवर्षी कान तपासतात. तपासणारी बाई आवाज सोडताना खाली बघते. तिने खाली बघितलं की मी बोट वर करतो. पास!

६ फेब्रुवारी

जाहिरात खात्यातली मुलगी वही घेऊन आली. कंपनी थोरलीचा इतिहास छापणार आहे. “काका, दाराची गोष्ट सांगा ना. सगळे तुमच्याकडेच पाठवतात.” समोर बसली होती म्हणून ओठांवरून कळलं.

सांगितली. आमच्या पहिल्या मुख्य इंजिनिअरनी या एका दारापायी दोन वर्षं घालवली. म्हणायचे — मालक मागे बसणार, दार ड्रायव्हर लावणार, तेव्हा मालकाला काय ऐकू येईल ते आधी ठरवा. पत्रा वाजायला नको. भरल्या कपाटाचं दार लागतं तसं लागलं पाहिजे. कुलपाला दोन खटके. पहिल्यालाच दार लागल्यासारखं दिसतं, आतला दिवाही विझतो. पण दुसरा बसला तरच ते खरं लागलं. तो इतका मऊ की फक्त कानाला कळतो. त्यासाठी त्यांनी मला निवडलं, चाळीस जणांतून!

“आणि अजूनही नुसतं ऐकून सांगता?”

“हो,” म्हणालो. निर्लज्जपणाची कमाल! खरं तर छपरावर तळहात ठेवतो आणि हादऱ्यावरून अंदाज बांधतो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पाचावर धारण बसली आहे. एका डॉक्टरची म्हातारी आई थोरलीत मागे बसली होती, दाराला टेकून. वळणावर दार उघडलं. म्हातारी बाहेर पडली, जागच्या जागी गेली. गाडी पाच महिन्यांची.

१३ फेब्रुवारी

त्या गाडीचं तपासणीचं कार्ड काढून बघितलं. शिक्का माझाच.

१७ फेब्रुवारी

शेवटी बायकोला सांगितलं. तिने दोन्ही हातांनी माझा चेहरा आपल्याकडे वळवला. “गप्प राहा. दहा दिवस राहिलेत. तुम्ही बोललात म्हणून ती बाई परत येणार आहे का?”

नाही येणार. पण चार वर्षांत अशी किती दारं मी सोडली? ती सगळी रस्त्यावर आहेत. प्रत्येक गाडीत मागे कुणाची तरी आई बसते.

१८ फेब्रुवारी

शेवटच्या गाडीचं दार माझ्या हातून लावून घेणार. हार, फोटो वगैरे. लाज वाटते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पोलिसांनी डॉक्टरच्या ड्रायव्हरला धरलं. दार त्यानेच नीट लावलं नाही म्हणे! दोन मुलींचा बाप आहे. त्याने लावलं असणार, लागल्यासारखं दिसलं असणार. मला कळायला हवं होतं ते त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

बायकोला विचारलं नाही. नुसतं सांगितलं — सोमवारी कारखान्याच्या साहेबांकडे जातो. ती रडली, पण नको म्हणाली नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

एका दमात सगळं बोलून टाकलं. मी बहिरा आहे, ड्रायव्हरला सोडवा, गाड्या परत बोलवा. साहेबांनी माझी फाईल मागवली, उघडली आणि खोलीचं दार लावायला उठले. तेवढ्यात मी वाचलं. चार वर्षांपूर्वीचा कानाचा रिपोर्ट — नापास. शेजारी साहेबांची सही, वर त्यांचाच शेरा : ‘मॉडेल तसेही बंद करायचे आहे. नवा माणूस तयार करू नये. चालवून घ्यावे.’