नारळ उंबऱ्यावर फोडायचा

चेणे,
खंडेनवमी, २००६

प्रिय योगू,

पेढे मिळाले. महिन्यापूर्वी रसिकाच्या हाती पाठवले होतेस, तेच. तुझी बायको बिचारी भाईंदरहून रिक्षा बदलत इथवर आली आणि घाम पुसत म्हणाली, शुभदाताई, आबांच्या दगड कापायच्या करवतीची गाडी मध्येच अडतेय, दगड पात्यापर्यंत सरकतच नाही, एकदा येऊन बघा ना. मी म्हटलं, अगं, मला काय कळतंय त्यातलं, मी सासरची. शब्द तुझेच होते, तुला परत पोचले असतीलच. खरं उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते आज देतेय.

तिला मी जाता जाता एकच विचारलं होतं. गाडी कुठेही अडते की रोज त्याच जागी? ती म्हणाली, त्याच जागी, वीतभर पुढे आली की. झालं, मला तिथेच कळलं. कुठेही अडली असती तर पातं बोथट म्हणायचं, विटेचा तुकडा दोनदा कापला की ते परत चालायला लागतं. पट्टा ढिला असता तर किंचाळला असता. पण एकाच जागी अडते म्हणजे गाडी पुढे नेणारा तो लांब स्क्रू, त्याचे आटे तेवढ्याच जागी खराब झालेत. आणि तू काय केलंस? मोटर बदललीस, पट्टा बदललास, आणि शेवटी गाडी हाताने रेटून नवंकोरं पातं वाकवलंस. अरे शहाण्या, अकरा वर्षं त्या करवतीवर अकीक कापलाय मी. आबा बाजूला स्टुलावर खोकत बसायचे आणि मी दगड आवळायचे. तू तेव्हा मीरा रोडला लोकांना फ्लॅट दाखवत हिंडत होतास.

आता आटे खराब कशाने झाले, ते ऐक. गेल्या वर्षीची खंडेनवमी आठव. आबांना जाऊन दोन महिने झाले होते. तू पाहुणे बोलावलेस, व्हिडिओवाला बोलावलास, आणि मी हळदकुंकवाचं ताट घेऊन आले तर सगळ्यांसमोर म्हणालास, ताई, तू बाहेर थांब, यंत्राच्या पूजेला घरातला पुरुष लागतो, तू आता सासरची. मी गल्लीत उघड्या दारासमोर उभी राहिले. ताट हातातच होतं. आबांचा नियम तुला ठाऊक नव्हता, कारण तू कधी आलाच नव्हतास. कुंकू मोटरच्या झाकणावर, नारळ उंबऱ्यावर, आणि लोखंडाला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. तू मात्र व्हिडिओत नीट दिसावं म्हणून नारळ थेट गाडीच्या पट्टीवर आपटलास. सगळं पाणी खाली स्क्रूवर, वीतभर जागेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तू गाळा चार दिवस बंद केलास आणि तेवढ्यात कुलूपही बदललंस.

पाणी पूस, तेल लाव. एवढंच सांगायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं रे. मी तोंड मिटलं. मुद्दाम मिटलं, शपथेवर सांगते. आबांनी जिवापाड जपलेल्या स्क्रूला माझ्या डोळ्यांदेखत गंज चढू दिला, याचं मला फार वाईट वाटतं. तुझं मात्र जराही वाटत नाही.

परवा चंदन भंगारवाला करवत उचलायला आला, तेव्हा तू म्हणालास म्हणे, घेऊन जा एकदाची ही ब्याद. ती ब्याद इथे माझ्या शेडमध्ये उतरली. चंदनला मीच सांगून ठेवलं होतं. आबांनी दत्ताराम टर्नरकडून स्क्रू दोन करून घेतले होते, दुसरा इतकी वर्षं माझ्या पलंगाखाली तेलाच्या फडक्यात होता. तो आणि नवं पातं बसवायला तासभर लागला. काल संध्याकाळी पहिला दगड या टोकापासून त्या टोकापर्यंत कापला, कुठेही न अडता. आज तिला विश्रांती. पूजा मीच केली, नारळ उंबऱ्यावर फोडला. पत्रासोबत खोबऱ्याचा तुकडा पाठवतेय. प्रसादाला नाही म्हणू नये, नीट चावून खा.

तुझीच,
सासरची ताई